मुलुंडच्या काकांचं चुकलेलं उत्तर

आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच नाव नव्हतं. फोनमध्ये आम्ही एकमेकांना उपनगरावरून ओळखायचो. कोणी घाटकोपर, कोणी वाकोला, कोणी कांदिवली. मी बोरिवली. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून एकट्यांनाच नातं जोडलेलं, ते मुलुंडचे काका. गणिताची कोडी घालायची आणि सोडवायची, एवढाच ग्रुपचा उद्योग. त्यावर कोणाचं पोट नव्हतं आणि कोणाला परीक्षाही द्यायची नव्हती. मी शाळेत चित्रकला शिकवते. दहावीला गणितात काठावर पास झालेली बाई रोज संध्याकाळी कागदावर त्रिकोण कापत बसते, याचं माझ्या घरच्यांना अजून हसू येतं. येऊ दे.

ग्रुपवर कोणी गुड मॉर्निंगची फुलं पाठवली की काका लिहायचे, "ही फुलं आधी सिद्ध कर." कोणी नुसतं उत्तर टाकलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कित्याक?" का, कशावरून, ते सांग. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस एरवी छापल्यासारखं शुद्ध लिहायचा, पण वाद पेटला की मालवणी बाहेर यायची. "माका नाय पटला" असं आलं की समजायचं, आता जेवण थंड होणार. माझ्या उत्तरांची तर त्यांनी इतकी पिसं काढली की एकदा मी तडकाफडकी ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "राग धर गो, पण चूक कुठे होती ती बघून मग जा." बघितलं. चूक होती. मुकाट्याने परत आले. खरं सांगायचं तर इतकं मन लावून माझं म्हणणं खोडून काढणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही. घरी ते खोडायचीही कोणाला गरज वाटत नाही.

मग काका तीच तीच कोडी परत घालायला लागले. सुरुवातीला आम्ही चिडवलं, "काका, शिळा माल!" तेही हसले. पण एका आठवड्यात तेच कोडं पुन्हा आलं, आणि परत आलं, तेव्हा चिडवणं आपोआप बंद झालं. वाकोल्याची आमची मैत्रीण हॉस्पिटलात नर्स आहे. तिने काकांना वगळून आम्हा सगळ्यांना वेगवेगळे मेसेज केले. काकांच्या सुनेचा तिला फोन आला होता. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, आता वाढतच जाणार. "प्लीज यार, त्यांच्या चुका नका काढू आता. खूश राहू दे त्यांना." तिचं काही चुकत नव्हतं. असे पेशंट ती रोज बघते. तरी मला ते वाचून कसंतरीच झालं.

थोड्याच दिवसांत काकांनी एक कोडं आणि त्याचं उत्तर, दोन्ही एकदमच टाकलं. रिक्षा जाताना ताशी वीस किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने येताना ताशी तीसने आली, तर सरासरी वेग किती? काकांनी लिहिलं होतं, पंचवीस.

हा त्यांचाच सापळा. नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की पहिल्याच दिवशी ते हेच विचारायचे, आणि तो पंचवीस म्हणाला की त्याची शाळा घ्यायचे. हळू जाताना वेळ जास्त लागतो, म्हणून उत्तर चोवीस येतं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलेलं. आता ते स्वतःच त्यात पडले होते, आणि खाली ओळीने अंगठे येत होते. झकास काका. एक नंबर. घाटकोपरने तर टाळ्या वाजवल्या. शून्य सम की विषम यावर एकमेकांचे गळे धरणारी ही माणसं! माझं डोकं फिरलं. मी काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला.

"इतके अंगठे माका जन्मात मिळूक नाय. काय भानगड आसा?"

मी हातातला ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"चूक आसा मा ता?"

"हो काका. चूक आहे."

"मगे कोणी बोलला कित्याक नाय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मग ते मालवणी सोडून अगदी सावकाश म्हणाले, "वाईट आत्ता वाटतंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. माझं उत्तर चूक आहे, मला आजार आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी असेपर्यंत माझ्याशी भांडा. वाकोला खूप रडली, मला फोन करून रडली. मग पुन्हा भांडणं सुरू झाली. काका चुकायचे, आम्ही तुटून पडायचो, ते चिडायचे, मजा यायची. पण ती मजा फार टिकली नाही. त्यांचे मेसेज अर्धवट यायला लागले, मग नुसते आकडे, मग तेही बंद झाले.

सुट्टी लागल्यावर मी बोरिवलीहून बस पकडून मुलुंडला गेले. काका खिडकीजवळ बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. सुनेने चहा आणला. मी मुद्दाम रिक्षाचं कोडं घातलं. मनात आशा होती, खोटं कशाला बोलू.

"पंचवीस," काका म्हणाले.

"चुकलात," मी म्हणाले. पिशवीतून कागद काढून रस्ता काढला, रिक्षा काढली. समजा रस्ता साठ किलोमीटरचा. जायला तीन तास, यायला दोन. एकशेवीस किलोमीटर, पाच तास. ते माझ्या बोटाकडे बघत होते. मी थांबले. आता "कित्याक" म्हणतील, "माका नाय पटला" म्हणतील, कागद ओढून घेतील.

"तू म्हणतस तर असात," काका म्हणाले.

मी कपात तोंड घातलं. चहा संपला तरी मान वर करवेना.

तेवढ्यात ते पुढे झुकले. परक्या पोरीशी बोलावं तसं, जरा अदबीने म्हणाले, "तुला गणिताची आवड दिसते. आमचा एक ग्रुप आहे, त्यात ये. चांगली माणसं आहेत. चुकलं की तोंडावर सांगतात."

"घेतील मला?"

"मी सांगतंय त्यांका," म्हणत काका शर्टाच्या खिशात फोन चाचपायला लागले. फोन आता सुनेकडे असतो.