भोंगा झाला की बाहेर

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी मी ही फजिती सांगितली, तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला आणि माझा शर्ट पांढरा होता.

तर, मी पाळणाघर काढलं. हो, मीच! पहिलीपासून सैन्यातल्या मामाकडे डेहराडूनला, मग बंगळूरला बालशिक्षणाच्या दोन पदव्या, आणि परत येऊन माळेगावच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या रस्त्याला पाळणाघर! आमचे चुलते, तात्या, पारावर बसून म्हणाले, "पोरांची ढुंगणंच धुवायची हुती, तर एवढ्या लांब कशाला गेलतास? हितं काय कमी ढुंगणं हायती?"

पण मला पटलेलं होतं. आमच्याकडच्या बाया उसात जातात, डेअरीत जातात, गारमेंट कंपनीत जातात. आणि पोर? पोर बांधावर, साडीच्या झोळीत. मला ते बघवत नव्हतं. आणि पाळणाघर काढायचं तर रीतसर मान्यता घेऊन, सगळे नियम पाळून!

मान्यता मागायला सरकारी कचेरीत गेलो, तर पहिल्याच टेबलावरच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाळणाघर? त्यासाठी कुणी आलंच न्हाई अजून. पोल्ट्रीचा अर्ज हाय, तो देऊ का?"

"अहो, माणसांची मुलं आहेत!"

"मग जागा जास्त लागंल," ते गंभीरपणे म्हणाले.

तरी मी हटलो नाही. तात्पुरत्या परवानगीवर पाळणाघर सुरू केलं. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, भिंतींच्या कोपऱ्यांना फोम लावला, पाणी तपासून घेतलं, स्वयंपाकघरात आग विझवायचं नळकांडं टांगलं. पण माझा जीव होता तो आगीच्या सरावावर. त्यासाठी बंगळूरहून हाताने फिरवायचा भोंगा मागवला. भोंगा झाला की हातातलं टाकायचं, सगळ्यांनी एकच लांब दोरी धरायची आणि रांगेने अंगणातल्या चिंचेखाली जायचं. ऑगस्टपासून रोज! सुरुवातीला निम्मी पोरं रडायची, उरलेली चपला शोधायची. दिवाळीपर्यंत अशी तयार झाली की अग्निशमन दलाने शिकवणी लावावी!

दिवाळीनंतर तपासणी ठरली. मान्यता मिळाली नाही तर पाळणाघर बंद करीन, असं मी सगळ्या पालकांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. तत्त्व म्हणजे तत्त्व! रूपाली म्हणून एक आई गारमेंटमध्ये नुकतीच कामाला लागली होती. तपासणीच्या दिवशी लेकीला सोडताना म्हणाली, "सर, आज पास व्हा बरं का. तुमचं तत्त्व ऱ्हाईल, पण माझं काम जाईल."

अधिकारी मॅडम आल्या. इंदापूरकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जाळ्या हलवून पाहिल्या, खिचडी चाखली, संडासाच्या दाराला आतून कडी नाही ना तेही बघितलं. शेवटी स्वयंपाकघरात त्या नळकांड्यापुढे उभ्या राहिल्या आणि मी सुरू झालो.

"मॅडम, आपल्याकडे सुरक्षितता कागदावर असते. इथे ती मुलांच्या अंगात..."

आणि भोंगा झाला.

लांबलचक, जाडजूड, छातीत घुमणारा! मला वाटलं, कुठल्यातरी कार्ट्याने माझा भोंगा फिरवला. हाताच्या भोंग्याचा एवढा आवाज? पण घाबरलेला माणूस असले प्रश्न विचारतो का? बाहेरच्या खोलीत ताटल्या आपटल्या, चिमुकली पावलं धडधडली आणि सांभाळणाऱ्या शेवंतामावशी ओरडल्या, "दोरी धरा, दोरी!"

मॅडमनी भुवई उंचावली. आणि मला सुचलं! दोन पदव्या कामाला आल्या.

"सराव आहे, मॅडम," मी हसून म्हणालो. "मुद्दाम तुम्हाला न सांगता ठेवला."

"हा भोंगा तुम्ही वाजवलात?"

"म्हणजे... माझ्या सूचनेवरून."

"अस्सं." भोंगा अजून चालूच होता. "आवाज भारी आहे हो."

"चांगल्यातला घेतलाय. बंगळूरचा आहे."

"पार शिवारापर्यंत जात असेल?"

"जातो ना! मी स्वतः खात्री केलीय."

तेवढ्यात खिडकीत तात्यांचं डोकं उगवलं. कपाळाला गुलाल, हातात पेढे.

"ऐकला का रं भोंगा? कारखान्यात उसाची पहिली मोळी पडली! हंगाम चालू झाला! घ्या मॅडम, तोंड गोड करा."

तुम्ही म्हणाल, कारखान्याच्या रस्त्यावर घर आणि कारखान्याचा भोंगा माहीत नाही? कसा असणार? मी घरी यायचो तो फक्त मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा ऊस संपलेला आणि कारखाना बंद! कायमचा परत आलो तोही जूनमध्ये. मला वाटायचं, आमचा कारखाना म्हणजे गावातली सगळ्यात शांत जागा!

मॅडमनी सावकाश पेढा खाल्ला.

"आमच्याही गावाजवळ कारखाना आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी मी ह्याच आवाजाने उठायची. ते लोक तेव्हाही तुमच्या सूचनेवरूनच वाजवायचे का?"

जमीन दुभंगेल म्हणून खाली पाहिलं, तर फरशी नवीन. मीच पक्की बसवून घेतलेली.

"चला," मॅडम म्हणाल्या. "मुलं कुठं गेली बघू."

बाहेर आलो आणि सांगतो तुम्हाला, लाज क्षणभर विसरलो. रस्त्यावर फटाके फुटत होते, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून उभे होते, सगळं गाव तिकडे पळत होतं. आणि माझी पोरं चिंचेखाली रांगेत! तोंडाला खिचडी, पाय अनवाणी, दोरीवरचा एकही हात सुटलेला नाही. असा ऊर भरून आला की काय विचारता!

मावशी मोजत होत्या. रूपालीची चार वर्षांची ईश्वरी म्हणाली, "मावशी, सर न्हाईत."

"येतील गं."

"कसं येतील? भोंग्यानंतर आत ऱ्हायला तो जळाला. सरांनीच सांगितलंय. सर जळालं."

रांगेने ही बातमी शांतपणे ऐकून घेतली. एक पोर रडेल तर शपथ! तेवढ्यात आम्ही दोघं पोहोचलो. ईश्वरीने मॅडमना नीट न्याहाळलं.

"तुमी पण जळलाय."

त्या कमी बोलणाऱ्या मॅडम चिंचेला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या!

"मान्यतेची शिफारस करते," त्या म्हणाल्या. "मुलांची मला काळजी नाही, संचालकांची आहे. तेव्हा बाळांनो, एक अट. भोंगा झाला की सरांना बरोबर घेऊनच बाहेर पडायचं. कळलं?"

चेष्टा केली हो त्यांनी! पण मुलांना चेष्टा कळते का?

मान्यता आली. रूपालीचं काम राहिलं, वर तिच्या दोन मैत्रिणींची पोरंही आली. मी सरावासाठी घंटा आणली आणि कारखान्याचा भोंगा आगीचा नसतो, हे परोपरीने समजावलं. ईश्वरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मॅडम खोटं बोलल्या व्हय?"

बोला आता! तेव्हापासून पाळी बदलायचा भोंगा झाला की मी हातातलं काम टाकतो आणि निमूटपणे चिंचेखाली जातो. तात्या पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणतात.

परवा भोंगा झाला तेव्हा मी संडासात होतो. म्हटलं, चला, आज सुटलो. इतक्यात बरीच पावलं येऊन दाराबाहेर थांबली. जरा कुजबुज झाली. मग दाराखालच्या फटीतून दोरीचं टोक सरकत आत आलं.

"सर, धरा!"

काय करता? धरली.