नव्या मुद्द्याच्या शोधात

उच्च न्यायालयाला इतक्या चिकाटीने लिहिणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्याचे सगळे अर्ज माझ्याच हातून गेले! मी तुरुंगाच्या कचेरीत टपाल पाठवणारा कारकून आणि तो पवनीकडचा म्हातारा, खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा कैदी. महिन्याचा पहिला सोमवार उजाडला की स्वारी माझ्या खिडकीशी हजर, आणि हातात 'हेबियस कॉर्पस'. म्हणजे, मला बेकायदा डांबलंय, कोर्टापुढे उभं करा, असा अर्ज. कोर्टाचं उत्तरही ठरलेलं: शिक्षा कायदेशीर आहे, असाच अर्ज पूर्वी फेटाळला आहे, नवा मुद्दा असल्याशिवाय पुन्हा येऊ नये. दुसरा कोणी खचला असता. म्हातारा उलट खूश! "म्हंजे नवा मुद्दा असन त ये म्हणते ना, बाबू?" मग महिनाभर मुद्द्याची शिकार चाले. एकदा त्याने लिहिलं, शिक्षा झाली तो इसम काळ्या केसांचा, बत्तीस दातांचा होता. सध्या आत आहे त्याचे केस पांढरे आणि दात अकरा. सबब हा इसम तो नव्हेच. मी इतका हसलो की साहेब केबिनमधून बाहेर आले.

मग लाखांदूरचा एक ट्रॅक्टर-ड्रायव्हर आला. वाळूच्या भानगडीत, खटला न चालवताच वर्षभरासाठी स्थानबद्ध केलेला. घरी बायकोचे दिवस भरत आलेले, आणि सुटकेचा अर्ज एकदा फेटाळलेला. म्हाताऱ्याने त्याचे कागद मागून घेतले, आणि तिसऱ्याच दिवशी, सोमवार नसताना, खिडकीवर थापा!

"बाबू, सापडला! याले कायले धरलं ते सारं इंग्रजीत लिवून देलं. याले त फक्त मराठी वाचता येते. मंग हा जबाब कसा देईन?"

मी कागद पाहिले. खरंच होतं! कारणं माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात, आणि पहिल्या अर्जात हे कोणी मांडलंच नव्हतं. त्याच दुपारी म्हाताऱ्याने लिहिलेला नवा अर्ज घेऊन मी स्वतः पोस्टात धावलो. आणि कोर्टाने तो 'पुन्हा आलेला अर्ज' म्हणून भिरकावला नाही. मुद्दा नवा आहे म्हणून ऐकला, आणि ड्रायव्हर सुटला! बराकीत थाळ्या वाजल्या. ड्रायव्हर रडत पाया पडला तेव्हा म्हातारा म्हणाला, "पोरगी झाली त नाव हेबियस ठेवजो."

पुढच्या महिन्यात सोमवार आला, म्हातारा आला नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. शेवटी मीच बराकीकडे गेलो. "काहून आजोबा, कागद नाही?"

तो चष्मा पुसू लागला. "मुद्दा नाही जी. त्या पोराले पाहून समजलं, बेकायदा धरणं काय असते ते. मी त खून केलाच होता ना."

आता मी निवृत्त आहे. पहिला सोमवार आला की जीव अजून त्या खिडकीशी घुटमळतो, आणि वाटतं, दातांचा का होईना, त्याने एखादा मुद्दा घेऊन यावं.