मागच्या सीटवरचे कान

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ कार्बोरेटर चुकीच्या जागी बसवण्यात आहे, असं मनापासून मानणारा अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. अंजूरचे हे आमचे काका. तीस वर्षं नारपोलीत कापडाचे लूम दुरुस्त केले. त्या खडखडाटाने दोन्ही कान नेले, पण इंजिनाचं वेड काही गेलं नाही. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी दारातल्या गाडीपाशी उकिडवे बसणार. कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंतची नळी लांब असली की गाडी हळू चालतानाही दणकून खेचते, आखूड असली की नुसती पळते. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. एका लग्नात नवरदेव मोटारसायकलवरून आला, तर हातात अक्षता धरून हे त्याला समजावतायत, "गाडीची नळी आखूड हाय. पलंल भन्नाट, पण वझं खेचायची न्हाय." वझं बिचारं शालू नेसून शेजारीच उभं होतं.

त्यांची स्वतःची मोपेड तर प्रयोगशाळाच. मावशीचे गुडघे गेलेले, आणि दर रविवारी तिला खारबावला माहेरी जायचं असे. दोघं बसले की वाटेतल्या पुलाच्या चढावर मोपेड मान टाकायची, मग मावशीने उतरायचं आणि कठडा धरून एकेक पाऊल टाकत वर जायचं. रिक्षाचं नाव काढलं की ती फणकारायची, "रिक्षानंच जायचं तर यांच्याशी लगीन कशाला केलं?" तिला चढावर उतरावं लागू नये, हाच काकांचा ध्यास. नळी लांबवता लांबवता कार्बोरेटर मावशीच्या पायाशी आला, आणि एकदा भर नाक्यात त्याने तिचा पदरच ओढून घेतला. गाडी बंद, बघे गोळा. "घे, आख्खी साडी खा!" मावशी कडाडली. काका मात्र हरखून म्हणाले, "वढ बघितलीस का त्याची?"

नळी आधी मुद्दाम लांब करायची आणि चढावर गाडी चालवून बघत बोटभर बोटभर कापत आणायची, ही त्यांची पद्धत. आवाज भरून आला की थांबायचं. पण तो ऐकणार कोण? म्हणून मावशीच्या जागी मागे मला बसवायचे. बरोबर आवाज आला की मी पाठीवर थाप मारायची. आरसा रस्त्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे वळवलेला. मागून कंटेनर येवो नाहीतर यमाचा रेडा, काका माझा चेहरा बघत गाडी हाकणार!

एकदा मात्र मी मागे बसून फोनवर होतो. ऑफिसातल्या कुणाची तरी फालतू निंदा चालली होती. चढ सरला, उतरलो, त्यांनी नळी कापली, पुन्हा चढलो, पुन्हा कापली. किती बोटं गेली कुणास ठाऊक. शेवटी कंटाळून मी थाप मारली आणि अंगठा दाखवला, "झकास!"

रविवारी मावशी ऐटीत बसली. निम्म्या चढावर गाडी मागे घसरली आणि ती गुडघ्यावर आपटली. "माजंच गणित चुकलं," काका सगळ्यांना सांगत राहिले. मावशी पुन्हा मोपेडवर बसली नाही, आणि हट्टाने रिक्षातही नाही. वर्षभरात ती गेली. खारबाव राहिलं ते राहिलंच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी नवी नळी बसवलेली मोपेड बाहेर काढली. "बस मागं." मी फोन घरीच ठेवला. नळी चार बोटं कापल्यावर आवाज असा भरून आला, की माझा हात आपोआप त्यांच्या पाठीवर पडला. दम न टाकता मोपेड चढ चढून गेली. वर काकांनी गाडी थांबवली.

मला राहवेना. आरशात बघून, सावकाश तोंड हलवत मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं."

"ठावं हाय. फोनवर व्हतास."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी आरसा हळूच रस्त्याकडे वळवला. "बोललो असतो तर तू परत आलाच नसतास."

ते बोलले नव्हते. तरीही ती पडल्यापासून तिच्या तेराव्यापर्यंत मी अंजूरला फिरकलो नव्हतो.