निळ्या ड्रममधले मासे

दादा डेंगूनं गेला आणि तिसऱ्या दिवशी धूर मारणारी गाडी आमच्या गल्लीत आली. ती का येत नाही हे विचारायला पावसाळ्यात दादाच दोनदा आरोग्य खात्यात जाऊन आला होता. भेटायला आलेली माणसं खोकत बाहेर पळाली. समोरच्या काकांनी माझा हात धरून सांगितलं, की या निमित्तानं का होईना, गल्लीचं काम झालं. मी मान हलवली. अशा वेळी आभार कसे स्वीकारायचे, मला माहीत नव्हतं.

धुरामागून तपासणीवाले आले. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं त्यांच्या साहेबांनी बजावलं. नळ आमच्याकडे आठ दिवसांनी येतो, तोही चुकतमाकत. ते पाणीवाल्यांना विचारा, म्हणाले. त्यांच्याकडे फक्त डास.

अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये अळ्या निघाल्या. साहेबांनी तो ओतायला सांगितलं, तेव्हा वहिनी उठली आणि ड्रमला टेकून उभी राहिली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, अंगात ताप असताना, दादानं तो भरला होता.

"त्यायनं भरलेलं हाये हे. नाई ओतू देनार."

शेवटी तोडगा निघाला, गप्पी मासे सोडायचा. कर्मचाऱ्यानं पिशवी उघडली तशी परतवाड्याहून आलेली आमची माळकरी आत्या पुढे झाली.

"घरात सुतक, अन् तुमी मासे आनून राह्यले?"

"आजी, हे खायाचे नाईत. हेच अळ्या खातेत."

"म्हंजे तेबी मांसाहारीच."

साहेबांनी मासे सोडतानाचा फोटो घेतला. ड्रम नीट दिसत नव्हता, म्हणून वहिनीला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

तेरवीच्या आधी एकदा नळ आला तेव्हा वहिनीनं बाकी सगळं भरलं. या ड्रमला पाइप लागू दिला नाही. तेरवीनंतर पाण्याला वास येऊ लागला. मासे वर येऊन तोंड उघडत. आत्या पदर नाकाला लावून रोज त्यांना वाकून बघायची.

पुढच्या वेळी नळ आला तेव्हा ती वहिनीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "सूनबाई, मरून राह्यले ते. नवं पानी टाक."

वहिनी पाइप हातात धरून उभी राहिली. पाणी अंगणभर वाहत गेलं. आमच्या गल्लीत असं पाणी कुणी वाहू देत नाही, पण त्या दिवशी कुणी तिच्या हातातून पाइप घेतला नाही. मग तिनं पाइपचं तोंड ड्रममध्ये सोडलं.