शिळं पाणी

माशांची टाकी आमच्या घरी माशांच्या प्रेमापोटी आली नाही. आमच्याकडे मासे आवडायचे ते ताटातले. वडिलांचं नाशकात सातपूरला छोटं वर्कशॉप होतं, नव्वदच्या दशकात ते रडतखडत चाललं होतं, आणि अशा वेळी कुणीतरी शहाणा भेटतोच, तसा त्यांना एक वास्तुवाला भेटला. त्याने होकायंत्र घेऊन आमच्या सिडकोतल्या घरात फेऱ्या मारल्या, आईच्या हातचा चहा दोनदा प्यायला आणि सांगितलं, की ईशान्य कोपऱ्यात पाणी हवं. पाण्यात सोनेरी मासे ठेवा आणि त्यांच्यात एक काळा. सोनेरी मासे लक्ष्मी आणतील. काळा घरावरचं संकट स्वतःवर घेईल आणि मरेल. पायपुसणं कुठे टाकायचं ते सांगावं इतक्या सहज त्याने हे सांगितलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात एक जीव आणायचा, आणि तोही मरायच्याच कामावर नेमून! पण माझं कोण ऐकतंय? दुसऱ्याच दिवशी टाकी आली. तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, वर ट्यूबलाइट. वडिलांनी टाकीला हळदकुंकू वाहिलं, दादाने मित्रांना बोलावून दाखवली. आणि रविवार उजाडला तेव्हा लक्षात आलं, की हिचं पाणीही बदलावं लागतं.

ते कुणी बदलायचं, याची घरात चर्चासुद्धा झाली नाही. हौस वडिलांची, मिरवायला दादा, आणि बादली माझी. नळीचं एक टोक टाकीत बुडवायचं, दुसरं तोंडात धरून श्वास ओढायचा, आणि पाणी तोंडाशी येताच नळी खाली बादलीत सोडायची. दर वेळी साधायचं नाही. माशांचं पाणी तोंडात गेलं की दुपारपर्यंत चव जायची नाही. मग खडे ढवळून खालची घाण काढायची, काचेवरचं हिरवं खरवडायचं, भरलेल्या बादल्या मोरीत नेऊन ओतायच्या. तोवर दादा सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचायचा आणि म्हणायचा, "सांडू नको गं, फरशी आत्ताच पुसलीय." फरशीही मीच पुसलेली असायची.

पहिले मासे महिनाभरात मेले. त्याच आठवड्यात दादा त्र्यंबक रोडला मोटरसायकलवरून पडला, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. वडिलांनी टाकीपुढे हात जोडले. म्हणाले, "पोरावरचं घेतलं बघ माशांनी." झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एकही मासा साध्या कारणाने मरेनासा झाला. एक मेला, तर मावशीच्या ऑपरेशनवरचं संकट. दुसरा मेला, तर वर्कशॉपवर आलेली तपासणी टळली म्हणून. मासा मेला की आमच्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहायचे.

आणि नवे मासे आणायला दादा खुशाल जायचा. शेवटी एकदा मी स्वतः त्या दुकानात गेले आणि दुकानदाराला सरळ विचारलं, आमचेच मासे का मरतात? तो जाळीने मासे पकडता पकडता म्हणाला, "नळाचं पाणी डायरेक्ट टाकत असाल. त्यात ब्लीचिंग पावडर असते. दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं, मग टाकायचं."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमच्यातलं कुणी विचारलंच नाही, ताई."

त्याला तरी कशाला बोल लावू? आमच्या घरच्या संकटांवर त्याचं दुकान चाललं होतं.

म्हणजे माशांना हवं होतं शिळं पाणी. आणि आमच्या घरात नेमकं तेच चालत नव्हतं. माझी आई नांदगावकडची. तिच्या लहानपणी टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा, आला की रांजण भरायचा, आणि तळ दिसेपर्यंत तेच पाणी पुरवायचं. लग्न होऊन नाशकात आली आणि तिला रोज सकाळी येणारा नळ मिळाला. तेव्हापासून तिचा एक नेम होता. नळाला पाणी आलं, की घरातलं कालचं सगळं पाणी ओतून द्यायचं. हंडा, कळशी, माठ, बादल्या, अगदी तांब्याभांडंसुद्धा. ते पाणी ती वाया घालवायची नाही, कुंड्यांना घालायची, गॅलरी धुवायची. पण ठेवायची म्हणून नाही. देवपूजा चुकली तर चुकली, हे चुकायचं नाही. तसं हे बऱ्याच घरांत करतात, पण आईच्या हाताला त्यात एक त्वेष असायचा.

मी मोरीच्या कोपऱ्यात माशांची बादली भरून ठेवू लागले. पहिल्या सकाळी ती आईने ओतून दिली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या वेळी मी पहाटे उठून मोरीच्या दारात ठाण मांडून बसले आणि आईशी कडाक्याचं भांडले. तेव्हापासून ती बादली वाचू लागली, म्हणजे मी घरात असले की वाचू लागली. आणि मासे जगू लागले. मधली बरीच वर्षं, खरंच सांगते, एकही मासा मेला नाही. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. मेलेल्या माशाला नमस्कार मिळायचा, जगवणारीला "अजून झालं नाही का तुझं?" एवढंच.

काळ्यावर माझा जास्त जीव जडला होता. बाहेर आलेले बटबटीत डोळे, झिरझिरीत शेपूट, पोहण्यात जरा बावळट. सोनेरी मासे दाणे टिपून मोकळे व्हायचे तेव्हा हा पठ्ठ्या खड्यांतच शोधत असायचा. वडील रोज सकाळी वर्कशॉपला निघताना टाकीत डोकावायचे आणि विचारायचे, "काळा आहे का अजून?" त्या 'अजून'चा मला संताप यायचा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की याला यांच्यासाठी मरू द्यायचं नाही. कुणाची कसलीही संकटं असोत, ती ज्याची त्याने बघावीत.

मग एका श्रावणात मावशीकडे देवळाली कॅम्पला जावं लागलं. ती पाय घसरून पडली होती, तिच्याकडे करणारं कुणी नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मला काळ्याच्या परावर पांढरं काहीतरी दिसलं. मी त्याला टाकीतून काढलं, लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत शिळ्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून सोडलं आणि बरणी गॅलरीत कपड्यांच्या स्टँडमागे उन्हापासून लांब ठेवली. घाईत कुणाला सांगायचं राहिलं. टाकीसाठी दोन बादल्या भरून ठेवल्या. आईला म्हटलं, "यांना हात लावू नकोस." दादाला म्हटलं, "रविवारी अर्धं पाणी काढ आणि या बादल्यांतलं घाल. एवढं एक कर."

त्याने केलं, हेच नडलं.

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ यायचं, आणि पालिका पावडर सढळ हाताने टाकायची. नळ सोडला की मोरीभर दवाखान्यासारखा वास सुटायचा. रविवारी सकाळी नळ आला. आईने रोजच्यासारखं सगळं ओतलं, आणि त्यात माझ्या दोन्ही बादल्याही ओतल्या. पुन्हा ताज्या पाण्याने काठोकाठ भरून जागच्या जागी ठेवल्या. दादा उठला, आयुष्यात पहिल्यांदा त्याने टाकीचं पाणी बदललं. अर्धं सांगितलं होतं तर याने कामाचा उरक दाखवायला जवळजवळ सगळंच बदललं. संध्याकाळी सगळे सोनेरी मासे वर आले.

मी परतले तेव्हा टाकीचा दिवा चालू होता आणि आत फक्त तो पाणबुड्या बुडबुडे सोडत होता. वडिलांनी टाकीपुढे उदबत्ती लावली होती. ते मला भारावलेल्या आवाजात म्हणाले, "सगळे एकदम गेले. किती मोठं असेल बघ काय ते, आपल्यावर येणार होतं! काळा तर दिसलाही नाही, विरघळूनच गेला."

मी मोरीत गेले. बादल्या भरलेल्या होत्या. वाकून वास घेतला आणि सगळं कळलं.

मी गॅलरीतून बरणी आणली आणि वडिलांच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवली. काळा आत हळूहळू फिरत होता, परावरचं पांढरं गेलेलं. मला वाटलं होतं, निदान एक वाचला म्हणून तरी कुणाला बरं वाटेल. वडिलांचा चेहरा पडला. दादा म्हणाला, "म्हणजे लक्ष्मी गेली आणि पनवती राहिली."

"रामकुंडात सोडून ये त्याला," वडील म्हणाले. "आजच्या आज. ज्याने जायचं तो राहिला, हे घराला चांगलं नाही."

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडलेच. म्हटलं, मेला असता तर याच्यापुढे उदबत्ती लावली असतीत, जगला तर हा पनवती? बाकीच्या माशांना कुठल्या संकटाने मारलेलं नाही. नळाच्या पाण्याने मारलं आणि तुमच्या लाडक्या लेकाने मारलं. इतकी वर्षं जगले ते कुणामुळे, हे एकाने तरी विचारलं का मला? आणि रामकुंडात काय सोडता, निर्माल्याच्या पाण्यात तासभर तरी टिकेल का तो? तुम्हाला तो मेलेलाच हवाय, तर इथेच माझ्यासमोर मारा. आहे हिंमत?

दादाने टीव्हीचा आवाज वाढवला. मी आईकडे वळले. "तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण त्या दिवशी तिच्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली. "हातानं केलं गं, मी नाय केलं. लय शिळं पाणी प्यायलोय आम्ही. त्यात अळ्या हायत का बघून, फडक्यानं गाळून. माझ्या घरात शिळं राहू द्यायचं नाय, एवढी एकच गोष्ट माझ्या मनासारखी होती."

तिच्यावर रागवावं का, हे मला तेव्हाही कळलं नाही. बाकीच्यांवरचा राग मात्र कमी झाला नाही, आणि व्हायचं काही कारणही नव्हतं.

बरणी मी माझ्या पलंगाशेजारी ठेवली आणि सांगून टाकलं, की यापुढे ज्याला नशीब हवं त्याने टाकीचं पाणी बदलावं. दादाने नवे मासे आणले, एक नवा काळाही आणला. पाणी कुणीच बदललं नाही. टाकी हिरवी झाली, मासे गेले, उदबत्ती लागली. दोनदा असं झाल्यावर टाकी कोरडी पडली आणि तिच्यात जुने पेपर ठेवू लागले. माझा काळा पुढे गॅलरीतल्या मोठ्या टबात राहायला गेला. आई रोज सकाळी घरातलं सगळं पाणी ओतून द्यायची आणि मोरीतली एक बादली तेवढी सोडायची. त्या बादलीजवळून जाताना ती पदर सावरायची, सोवळ्यात असल्यासारखी. पण त्या बादलीला तिने पुन्हा हात लावला नाही.

दोन हजार सालानंतर वर्कशॉप बंद पडलं. मशीन जुनी, माल वेळेवर जात नव्हता, मोठ्या कंपन्यांनी काम देणं थांबवलं, हे सातपूरमधल्या कुणालाही सांगता आलं असतं. आमच्या घरात कारण वेगळं होतं. नातेवाईक भेटायला यायचे तेव्हा वडील गॅलरीकडे बोट दाखवून म्हणायचे, "तो तेव्हाच गेला असता तर आज ही वेळ आली नसती." नातेवाईक माना डोलवायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी तेव्हा नोकरी करत होते, त्या घराचा किराणा आणि विजेचं बिल माझ्या पगारातून जात होतं. तरी दोष त्या मुठीएवढ्या माशाचा, आणि त्याला जगवणारीचा! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, यांनी अंगणालाही सोडलं आणि टबातल्या माशाला धरलं. ते शब्द आठवले की आजही माझे कान तापतात.

काळा म्हातारा होऊन गेला. डोळे पांढुरके झाले होते, दाणा अगदी तोंडापुढे धरावा लागायचा. एका सकाळी तो टबाच्या तळाशी एका कुशीवर होता. त्या आठवड्यात घरात काहीही घडलं नव्हतं. कुणी पडलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, कुठून फोन आला नव्हता. मी त्याला हातात घेऊन गॅलरीत बसले होते, तेवढ्यात आई भरलेली कळशी घेऊन आली. तिने बघितलं, कळशी खाली ठेवली, आणि आत वडील ऐकतील म्हणून हळूच विचारलं, "कुणावरचं गं?"

"कुणावरचंच नाही," मी म्हटलं. "आपल्या मरणाने मेला तो."

आईने टब कलता केला, इतकी वर्षं जपलेलं ते शिळं पाणी सावकाश कुंड्यांना घातलं, आणि म्हणाली, "बरं झालं. एवढं तरी मिळालं त्याला."