धापूकाकूंची मनवार आणि पिवळ्या गोळ्या

आष्टीला आमच्या भिंतीला भिंत लागून धापूकाकूंचं घर. मूळच्या राजस्थानच्या, पण तीन पिढ्या इथल्याच कापडदुकानात गेलेल्या. त्यांच्याकडं पोट भरल्यावर खरं जेवण सुरू होई. "माझी शपथ, एकच घे," म्हणत पानावर आडव्या धरलेल्या हातावरही त्या लापशी वाढत. अशी मनवार, म्हणजे आग्रह, न करता वाढणं म्हणजे त्यांच्या लेखी उपाशी ठेवणंच. ती तुपाळ बोटं मला अजून आठवतात.

सत्तावन्न साली त्यांची सून प्रेमबाई बाळंत झाली आणि दिवेलागणीनंतर तिला दिसेनासं झालं. जालन्याच्या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या दिल्या, रोज एक, महिनाभर. महिन्यात ती संध्याकाळी गहू निवडू लागली. काकू हरखल्या. मुलाकरवी आणखी बाटल्या मागवल्या. सकाळी दुधाबरोबर दोन, जेवताना दोन, वर सुनेला लाडानं "बीनणी, माझ्यासाठी अजून एक." सासूला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

दिवाळीपर्यंत प्रेमबाईचं डोकं ठणकू लागलं. ओठ फाटले, नडग्या दुखू लागल्या, फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. अन्न पाहिलं की उमासे. बायका म्हणाल्या, नजर लागली. काकूंना वाटलं, अशक्तपणा. त्यांनी गोळ्या वाढवल्या. पोर हातची जाते की काय, या भीतीनं त्यांचं स्वतःचं जेवण सुटलं.

दूध घालायला येणाऱ्या गोजरबाईनं एकदा ती बाटली पाहिली.

"शेठाणीबाई, दिवसाला किती देऊन राह्यल्या?"

"सात-आठ. ताकदीची चीज आहे."

"अवं, सरकी जास्ती झाली तर म्हैस बसती. ही तर येवढुशी पोरगी!"

दुसऱ्याच दिवशी काकूंनी सुनेला जालन्याला नेलं. डॉक्टर चिडलेच. "हे अंगात साठत जातं, बाई. जास्त झालं की त्याचाच त्रास. बिलकुल बंद करा."

"अर्धी तरी?"

"अर्धीसुद्धा नाही!"

गोळ्या थांबल्या. आधी उमासे गेले, मग डोकं ठणकायचं थांबलं. संक्रांतीला हळदीकुंकवाला आम्ही गेलो, तेव्हा प्रेमबाई वाण वाटत होती.

"उतरली बाई नजर," कुणीतरी म्हणालं.

"नजर कुणाची न्हाई," काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या. "माझ्याच हातानं आजारी पडली. डॉक्टरनं एक सांगितली, मी आठ चारल्या."

सासूच्या तोंडून असं कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात पदराआडून बारीक आवाज आला, "नऊ, सासूजी."

आधी काकूच हसल्या. प्रेमबाईही हसली, अर्धवट भरलेला ओठ बोटानं दाबून धरत.