बरण्यांवरचे शब्द

बाबा मंगळवारी दुकानात बसल्या जागी गेले. तराजूत गिऱ्हाइकाची साखर होती. मी आत शब्द पाठ करत होते.

परदेशातल्या विद्यापीठात जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिथं बोलण्यातले शब्द पुरत नाहीत, विद्वानांचे लागतात. समुद्रपूरच्या आमच्या किराणा दुकानात बसले की माझी नजर बरण्यांवर जायची, म्हणून मी एकेका बरणीवर एकेक शब्द चिकटवला होता. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला विचारून विचारून त्यांनी ते उच्चार तोंडपाठ केले आणि अर्थाच्या भानगडीत न पडता मालाला तीच नावं देऊन टाकली. तुरीच्या डाळीच्या बरणीवर 'मिटिगेट' होतं, म्हणजे तीव्रता कमी करणं; ती डाळच 'मिटिगेट' झाली.

"अवं पोरी, पावशेर मिटिगेट देजो बाईले."

"भाऊ, हे कोन्ती डाळ आनली आता?" बाई विचारायची.

"लंडनची. भाव तोच हाये, घाबरू नोको."

तेरवी झाल्यावर मी वर्ध्याला, या परीक्षेच्या क्लासला परत गेले. तोंडी परीक्षेत 'तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती' हा विषय हमखास येतो. सर म्हणाले, "वडिलांवर बोला. तुमच्याकडे आता स्ट्राँग मटेरियल आहे." मग त्यांनी फळ्यावर 'रिझिलियंट' लिहिलं, म्हणजे खचून न जाणारा, खाली 'प्रोफाउंड', म्हणजे सखोल. "गळा दाटला तरी चालेल, फक्त फ्लो तुटू देऊ नका."

मी शब्द उतरवून न घेता वही मिटली. शेजारची मुलगी समजूत घालायला कानाशी आली. "ताई, मनावर नोको घेऊ. मी तं सरावात आजीले दोनदा मारलं. अन् ते घरी पोया लाटून राह्यली."

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात वाक्य आपोआप जुळू लागलं. आधी बाबा, मग स्वल्पविराम, मग रिझिलियंट. तोंडात कुणाची तरी उष्टी सुपारी आल्यासारखं झालं. खिडकीतून थुंकले, पण तोंडात काहीच नव्हतं. बाबांना त्या परीक्षेच्या खोलीत न्यायचं नाही, एवढं मी समुद्रपूर येईपर्यंत ठरवलं.

परीक्षेत तोच विषय निघाला. मी जागीच एक काका रचला. त्याला गरिबी दिली, कष्ट दिले, फळ्यावरचे सगळे शब्द दिले, शेवटी मरणही दिलं. समोरच्या परीक्षक बाई हळूच मान डोलवत होत्या. मी अडखळले नाही, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त किळस आली.

गुण हवे होते त्याहून वर मिळाले. सरांनी फोन केला. "बघा, शेवटी वडिलांनीच तारलं." मी फोन ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात मी जाईन. दुकान आई चालवते. तुरीच्या डाळीला ती मिटिगेट म्हणते.